हात गुंतले की कान मोकळे होतात

(अमळनेर तालुक्यातल्या एका गावच्या वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. आजचा विषय आहे 'धकाधकीत स्वतःशी आणि आपल्या माणसांशी नातं'. विषय फार मोठा आहे, त्यातला हत्ती तेवढा मी घेणार आहे. हसू नका, सांगतो.

मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. दिवेलागणीची वेळ, ओट्यावर मी आणि आई. आई सुपात तुरीच्या शेंगा सोलत होती, मी मोबाईलवर कापसाचा भाव बघत होतो. म्हणजे सुरुवात भावापासून झाली, नंतर कुठे कुठे गेलो ते मलाही सांगता येणार नाही. आई काहीतरी सांगत होती, मी 'हं', 'हं' करत होतो. ऐंशी ओलांडलेली बाई, पण तिच्या डोळ्यांतून काही सुटत नाही. त्याच आवाजात, त्याच संथ लयीत ती म्हणाली, "आपला वावरमा हत्ती उना."

मी म्हटलं, "हं."

मग काहीच ऐकू येईना. शेंगा सोलल्याचा आवाजही थांबला. तेव्हा कुठे मी मान वर केली. "काय गं?" म्हटलं. तर म्हणते, "जाऊ दे भाऊ, तुले काम व्हई."

ती रागावली असती तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं. उभा जन्म मी शाळेत पोरांना 'लक्ष द्या रे' म्हणत काढला, आणि माझ्या वावरात हत्ती आला तरी मला पत्ता नाही.

आता यात माझा दोष किती आणि यंत्राचा किती? स्वतःला मोकळं सोडायचं म्हणून विचारत नाही, पण हिशोब नीट मांडावा. गेल्या शतकात बी. एफ. स्किनर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर प्रयोग केले. टोच मारली की ठरल्याप्रमाणे दाणा मिळतो असं असलं, तर कबुतर निवांत टोचतं. पण दाणा कधी पडेल याचा नेमच नसला, तर ते टोचतच राहतं. मटक्याचा आकडा लावणाऱ्याला हे वेगळं शिकवायला नको. मोबाईल उघडताना आपलंही तेच होतं. दहा वेळा काही नसतं, अकराव्या वेळी नातवाचा फोटो असतो. त्या अकराव्या वेळेसाठी दहा वेळा टोच.

दुसरी गोष्ट पान न संपण्याची. पूर्वी खाली गेलं की पान संपायचं, पुढचं पान बघायला बटण दाबावं लागायचं. २००६ साली अझा रास्किन या अभियंत्याने अशी रचना केली की पान संपायचंच नाही, बोट सरकवत राहा, खालून येतच राहील. पुढे त्यानेच याचा जाहीर पश्चात्तापही केला. आपल्या भाषेत सांगायचं तर, पंगतीत आपण पानावर हात आडवा धरतो ना, 'बस्स आता' म्हणून? तो हात आडवा धरायला जेवढा क्षण लागतो, तेवढाच त्याने काढून टाकला. वाढपी थांबतच नाही म्हटल्यावर जेवणारा उठणार कधी?

आणि मोबाईल खाली ठेवला म्हणजे माणूस परत आला, असंही नाही. सोफी लरॉय या संशोधिकेने २००९ साली दाखवलं, की एक काम अर्धवट टाकून दुसऱ्याला हात घातला तरी मनाचा थोडा भाग पहिल्या कामातच अडकलेला असतो. शेतकऱ्याला हे पटकन कळेल. मोटर बंद केली तरी पाटाचं पाणी काही वेळ वाहतच असतं. मी 'काय गं?' म्हणून मान वर केली, तेव्हाही माझं पाणी तिकडेच वाहत होतं. आईला ते दिसलं.

आता इथे बरेच वक्ते 'पूर्वी कसं छान होतं' या वाटेला लागतात. मी लागणार नाही. आमच्या गल्लीत संध्याकाळी ओटे भरायचे हे खरं, पण त्या ओट्यावर घरची सून बसायची का? कुणी कुणाच्या ओट्यावर बसायचं आणि कुणी खाली उभं राहायचं, हे जातीवरून ठरायचं की नाही? आज सुरतच्या उधन्याला, लिंबायतला आपल्याकडची किती घरं आहेत! तिथे कापडाच्या कारखान्यात रात्रपाळी करून आलेला पोरगा सकाळी व्हिडिओ कॉलवर आईचं तोंड बघतो. त्याला कुणी 'मोबाईलने नाती तोडली' असं सांगू नये. सासरी गेलेली लेक आता आईशी बोलायला आखाजीची, म्हणजे अक्षय तृतीयेला माहेरी येण्याची, वाट बघत नाही. हे चांगलंच झालं.

मग गेलं काय? मी बराच विचार केला, आणि मला जे सापडलं ते अगदीच साधं निघालं. एकत्र बसून हाताने करायची कामं गेली.

बिबड्यांचं, म्हणजे आपल्या ज्वारीच्या पापडांचं घ्या. मार्च-एप्रिल आला की ज्वारी भिजत पडायची. दोन-तीन दिवस घरभर तो आंबूस वास. मग पहाटे, ऊन तापायच्या आत, चुलीवर मोठ्या पातेल्यात घाटा रटरटायचा. त्यात तीळ, लसूण, मिरची. घाटा गरम असतानाच थापायला हवा, गार झाला की नीट थापला जात नाही. म्हणून एकटीचं काम नाहीच. आज आमच्याकडे, उद्या तुमच्याकडे, परवा समोरच्या काकूंकडे. पाण्याचा हात लावून ओल्या कापडावर थापत जायचं, बोटं चटचट भाजायची, कोपरापर्यंत चिकट. त्या हातांनी कुणी काही उचलू शकत नाही. डोळे बिबड्यावर, हात घाट्यात, रिकामं काय? कान आणि तोंड. कुणाच्या सुनेला दिवस गेले, कुणाचा नवरा पितो, कुणाला छातीत गाठ लागते पण घरी सांगायची चोरी, हे सगळं तिथे बोललं जायचं. समोरासमोर बसून, डोळ्यांत डोळे घालून हे बोलता येत नाही. खाली बघत, थापता थापता येतं. लहानपणी मी कावळे हाकायला खाटेपाशी बसायचो, म्हणून मला माहीत. मला बाजूला काढायचं कुणाच्या लक्षातच यायचं नाही.

पुरुषांचं भरीत तसंच. हिवाळ्यात मळ्यात काड्यांचा जाळ करायचा, हिरवी वांगी भाजायची, एक जण सोलतोय, एक जण बडगीत ठेचतोय, एक जण कांद्याची पात चिरतोय. दोन भाऊ वाटणीवरून वर्षभर बोलत नसले तरी 'मिरची दे' एवढं म्हणावंच लागतं. कित्येक अबोले त्या 'मिरची दे'वर सुटलेले मी पाहिलेत. हल्ली भरिताची ऑर्डर देतात, डबे येतात. चव बरी असते. पण येणारा माणूस हात रिकामे घेऊन येतो आणि रिकामा हात कुठे जातो ते आपल्याला माहीत आहे.

आपल्या भागाला याचा मोठा दाखला आहे. बहिणाबाई चौधरी. जन्म १८८० चा, आसोद्याचा. लिहिता-वाचता येत नव्हतं. घरकाम, शेतकाम करता करता त्यांना गाणी सुचायची. ती आज आपल्यापर्यंत आली, कारण मुलगा सोपानदेव आणि त्यांचे मावसभाऊ पितांबर यांनी ती ऐकून उतरवून घेतली. बहिणाबाई १९५१ मध्ये गेल्या, पुस्तक निघालं १९५२ मध्ये. आज विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. कवयित्री थोर होतीच, त्यात वाद नाही. मला मात्र त्या ऐकणाऱ्यांचं राहून राहून वाटतं. आई कामात आहे, गुणगुणतेय, आणि पोरगा 'हं' म्हणून पुढे निघून गेला, असं किती घरांत झालं असेल?

स्वतःशी नातं म्हणतात त्याचं थोडक्यात. २०१४ साली अमेरिकेत टिमोथी विल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास छापून आला. माणसांना १५ मिनिटं खोलीत एकटं बसवलं. हाताशी काही नाही, फक्त एक बटण. दाबलं की विजेचा झटका. तो झटका त्यांना आधी देऊन दाखवला होता, आणि 'हा टाळायला आम्ही पैसे मोजू' असं ती म्हणाली होती. तरी १८ पुरुषांपैकी १२ जणांनी आणि २४ बायकांपैकी ६ जणींनी एकटं बसवेना म्हणून बटण दाबलं! इथे रात्रीच्या लाईटवर गव्हाला पाणी भरणारे बसलेत. बारे मोडत, फावडं खांद्यावर घेऊन थंडीत एकटे उभे राहिलेले. तुम्ही त्या अमेरिकनांना हसाल. पण खरं सांगा, हल्ली बांधावर हातात काय असतं?

सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचं वडगाव आहे. तिथे २०२२ पासून संध्याकाळी ७ ला भोंगा वाजतो आणि साडेआठपर्यंत टीव्ही, मोबाईल बंद. मला त्यातलं 'सगळ्यांनी एकदम' हे आवडलं. एकट्याने केलेला निश्चय माझ्या बाबतीत तरी दोन दिवसांपलीकडे टिकला नाही. आपल्या खानदेशातल्या कानबाईच्या सणाला भाऊबंद एका घरी जमतात, रोटांचं दळण-रांधण सगळे मिळून करतात, तेव्हा कुणाला निश्चय करावा लागत नाही. कामच पुरतं.

म्हणून मी काय केलं, तर फार काही नाही. हत्तीनंतर दुसऱ्या दिवशी आईच्या सुपाजवळ बसलो आणि शेंगा सोलायला घेतल्या. मला ते धड येत नाही, दाणे उडतात, आई माझी सोललेली शेंग पुन्हा तपासते. पहिले दोन-तीन दिवस ती फार बोललीच नाही. मग हळूहळू सुरू झाली. तिच्या माहेरच्या विहिरीचं, बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला जायची त्याचं. मी कधी ऐकलंच नव्हतं.

महिन्याभराने धीर करून विचारलं, "आई, त्या दिवशी तू मला नेमकं काय सांगत होतीस?"

तिने शेंग मोडली, दाणे सुपात टाकले. "माले काय याद? हत्ती तेवढा याद शे."