ठिपक्यांआड राखलेली भूमी

श्रोतेहो, मध्य ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातील आदिवासींची ठिपक्यांची चित्रे आपण दिनदर्शिकांवर, कापडांवर, विमानतळांवरील दुकानांत पाहिलेली असतात आणि ती हजारो वर्षे याच रूपात काढली जात असावीत, असे आपण धरून चालतो. त्यांमागील ज्ञान अतिप्राचीन आहे, हे खरेच. परंतु ते ॲक्रिलिक रंगांनी फळीवर वा कॅनव्हासवर उतरवण्याची रीत जेमतेम अर्ध्या शतकाची आहे. या चित्रांतील ठिपका दाखवण्याइतकाच झाकण्यासाठीही असतो, हे आज मला मांडायचे आहे.

ॲलिस स्प्रिंग्जपासून सुमारे २४० किलोमीटरवर पापुन्या नावाची वसाहत आहे. आदिवासींना गोऱ्या समाजात विलीन करून घेण्याच्या सरकारी धोरणातून ती १९५० च्या दशकाच्या अखेरीस उभी राहिली, आणि पिंटुपी, लुरिचा, वार्लपिरी, अनमाट्येर, अरेर्न्टे अशा भिन्न भाषा बोलणारे लोक आपापल्या पाणवठ्यांपासून दूर तिथे एकत्र आणले गेले. १९७१ साली जेफ्री बार्डन हे तरुण शिक्षक तिथल्या शाळेत रुजू झाले. त्याच वर्षी काआपा जाम्पिजिन्पा आणि इतर जाणत्या पुरुषांनी शाळेच्या भिंतीवर मधमुंगीच्या पूर्वजकथेचे चित्र रंगवले. काही वर्षांतच त्यावर रंग फासून ते नाहीसे करण्यात आले. पण तोवर मिळेल त्या फळीच्या तुकड्यावर चित्रे काढण्यास सुरुवात झाली होती, आणि १९७२ मध्ये चित्रकारांनी ‘पापुन्या तुला आर्टिस्ट्स’ ही स्वतःच्या मालकीची कंपनी स्थापन केली. ती आजही आदिवासींच्याच मालकीची आहे.

या फळ्यांवर जे उतरले, ते पूर्वी अंगावर आणि जमिनीवर काढले जात असे. विधीच्या वेळी गेरू, पांढरी माती आणि कोळसा यांनी अंगे रंगवली जात, वनस्पतींचा रंगवलेला भुसा जमिनीवर चिकटवून मोठ्या आकृत्या रचल्या जात, आणि विधी संपला की त्या मोडल्या जात. जुकुर्पा, म्हणजे पूर्वजांनी प्रवास करत डोंगर, पाणवठे, प्राणी आणि समाजाचे नियम घडवले तो सृष्टिक्रम, हा या आकृत्यांचा विषय असतो. एकात एक वर्तुळे म्हणजे पाणवठा किंवा मुक्काम, त्यांना जोडणाऱ्या रेषा म्हणजे पूर्वजांची वाट, नालेच्या आकाराची खूण म्हणजे बसलेला माणूस. आजही बहुतेक चित्रकार कॅनव्हास जमिनीवर पसरून त्याच्या चारही बाजूंनी काम करतात. त्यामुळे अशा चित्राला वरची आणि खालची बाजू असेलच, असे नाही. तेच वर्तुळ कोणत्या पाणवठ्याचे आणि तिथे काय घडले, याचे उत्तर मात्र विचारणाऱ्याचे नाते, वय आणि दीक्षा पाहून दिले जाते.

कोणती कथा कोणी रंगवायची, हेही ठरलेले असते. वार्लपिरी समाजात पित्याच्या कुळाकडून हक्क मिळालेल्यांना किर्डा म्हणतात, आणि मातेच्या कुळाकडून नाते लागणाऱ्यांना कुर्डुंगुर्लु. कुर्डुंगुर्लु चित्रावर आणि विधीवर देखरेख ठेवतात, काही चुकले वा अधिक उघड झाले तर सांगतात. अशा समाजात ‘मला सुचले म्हणून काढले’ असे म्हणणारा कलावंत कसा असेल?

पापुन्यातील सुरुवातीच्या काही फळ्यांवर विधींतील गुप्त वस्तू स्पष्ट दिसत होत्या. त्या शहरांत प्रदर्शित होऊ लागल्यावर, स्त्रियांनी आणि दीक्षा न झालेल्या मुलांनी पाहू नये ते उघड झाले, म्हणून वाळवंटातील इतर समूहांनी तीव्र आक्षेप घेतला. त्यानंतर त्या आकृत्या मागे पडल्या आणि ठिपक्यांची दाटी वाढत गेली. सगळेच ठिपके आच्छादनासाठी आले, असे मात्र मी म्हणणार नाही. जॉनी वारांगकुला जुपुरुला यांनी १९७२ मध्ये कालिपिन्पा येथील पाण्याची कथा रंगवली, तिच्यातील थरांवर थर चढलेले ठिपके पावसानंतर वाळवंटात उगवणाऱ्या खाद्य वनस्पतींचे भानही देतात. भूमीचे हे लखलखते रूप आणि तिच्यातील गुपित एकाच हाताने, एकाच ठिपक्यात सांभाळले जाते. या चित्रांची खरी थोरवी मला तिथे दिसते. डार्विन शहरातील संग्रहालयात अशा आरंभीच्या फळ्यांचा मोठा संग्रह आहे, आणि २०१७ च्या प्रदर्शनाआधी तेथील अधिकाऱ्यांनी वारसदार समूहांशी चर्चा करून काही फळ्या प्रदर्शनातून वगळल्या.

भूमीशी असलेले हे नाते न्यायाच्या दारातही उभे राहिले. पश्चिम ऑस्ट्रेलियातील ग्रेट सँडी डेझर्टच्या लोकांनी १९९७ मध्ये आपला भूमिहक्क सिद्ध करण्यासाठी चाळीसहून अधिक जणांनी मिळून ८ मीटर गुणिले १० मीटरचा ‘न्गुरारा’ कॅनव्हास रंगवला. त्याची शैली पापुन्याहून निराळी आहे. लवादापुढे एकेक जण कॅनव्हासवर आपल्या पाणवठ्याच्या जागी उभा राहून आपल्या भाषेत बोलला. सातबाराच्या उताऱ्याचे काम त्या चित्राने केले. २००७ मध्ये न्यायालयाने त्यांचा हक्क मान्य केला.

बाजाराने मात्र हे नाते क्वचितच मानले. क्लिफर्ड पॉसम जापाल्जारी यांचे १९७७ चे ‘वार्लुगुलाँग’ एका बँकेने अवघ्या १,२०० डॉलरला घेतले होते. तेच चित्र २००७ मध्ये २४ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरला विकले गेले, तेव्हा चित्रकाराच्या निधनाला पाच वर्षे झाली होती आणि वारसांना त्या विक्रीतून वाटा मागण्याचा कायदेशीर हक्क नव्हता. २०१० पासून लागू झालेल्या कायद्याने १,००० डॉलर वा त्याहून अधिक किमतीच्या पात्र पुनर्विक्रीवर ५ टक्के रक्कम कलावंताला किंवा वारसांना मिळते. त्याआधी, १९९४ मध्ये, आदिवासी चित्रांची नक्कल व्हिएतनाममध्ये विणलेल्या गालिच्यांवर केल्याच्या प्रकरणाचा न्यायालयात निकाल लागला. पवित्र आकृत्या पायाखाली तुडवल्या जाणार, याने झालेली सांस्कृतिक दुखापत न्यायाधीशांनी भरपाई ठरवताना विचारात घेतली, आणि ती रक्कम कलावंतांना आपल्या रीतीनुसार वाटून घेता यावी म्हणून एकत्रित देवविली.

तरीही कॉपीराइटचा कायदा मालक म्हणून व्यक्तीलाच ओळखतो, आणि तिच्या मृत्यूनंतर ७० वर्षांनी तो हक्क संपतो. कालिपिन्पाच्या पाण्याची कथा ज्या कुळांकडे आहे, त्यांच्या सामूहिक मालकीला त्या कायद्यात जागा नाही.