आधी बांधणी बघा, नक्षी मागाहून

(थंड प्रदेशातील मंडळाच्या मेळाव्यातील भाषण, संकेतस्थळासाठी संपादित)

नमस्कार मंडळी.

कागदाच्या हस्तकलेवर बोलायला माणसं गोव्याहून आली म्हटल्यावर आता माड, होड्या आणि निळ्या-पांढऱ्या फरशा कापून दाखवणार, असं वाटलं असेल. ते आज नाही. माडाचं चित्र कुठेही बसून छापता येतं, त्याला गोवा लागत नाही.

आमचं म्हणणं थोडक्यात असं. रोज डोळ्यांसमोर असलेल्या वस्तूवरून कागदात काही करायचं, तर आधी ती वस्तू बांधली कशी आहे ते बघावं. जी मुळात पातळ थरांची, पट्ट्यांची किंवा टांगण्याची आहे, ती कागदात आपसूक येते. जी वजनावर किंवा झिलईवर उभी आहे, तिचं कागदात नुसतं सोंग होतं.

उदाहरण घेऊ शिंपल्यांच्या खिडकीचं. काच महाग आणि दुर्मिळ होती त्या काळी गोव्यातल्या जुन्या घरांच्या खिडक्यांना शिंपल्यांची तावदानं बसवत. चपटा, अर्धपारदर्शक शिंपला चौकोनी कापायचा आणि लाकडी पट्ट्यांच्या खाचांत सरकवायचा. पणजीत फोंतेन्यशच्या गल्ल्यांत किंवा सासष्टी तालुक्यातल्या जुन्या घरांत अजून अशा खिडक्या दिसतात. उजेड आत येतो, पण दुधाळ होऊन, आणि बाहेरच्याला आतलं दिसत नाही. आकाशकंदिलाला याहून वेगळं काय हवं असतं? पट्ट्या म्हणजे बांबूच्या कामट्या आणि शिंपला म्हणजे कागद. चांदणीच्या आकाराचा कंदील सगळेच करतात, हा करून बघा.

माप सांगतो. पाया 8 इंच चौरस, उंची 12 इंच. प्रत्येक बाजूला दर 2 इंचांवर उभी कामटी, म्हणजे कोपऱ्यांच्या 4 आणि मधल्या 12, मिळून 16 कामट्या 12 इंची. आडव्या 8 कामट्या 8 इंची, शिवाय दिवा टांगायला वर फुलीसारख्या आणखी 2. एकूण 272 इंच, जवळजवळ पावणेतेवीस फूट. तुटफूट धरून 25 फूट काढा. कामटी पाव इंच रुंद आणि त्याच्या निम्मी जाड असावी, बांबूची साल बाहेरच्या अंगाला ठेवावी. ओला बांबू घेऊ नये. तो सुकताना आकसतो, मग गाठी ढिल्या पडतात आणि लावलेल्या कागदाला सुरकुत्या येतात. इथे बांबू मिळत नसेल तर बारीक सपाट लाकडी पट्टी चालेल. बार्बेक्यूच्या काड्या नेमक्या लांबीच्या मिळतात, त्यामुळे हात तिकडेच जातो, पण त्या गोल असतात. गोल काडीला कागद रेघेपुरताच टेकतो आणि चार दिवसांत सुटतो.

उभ्या कामट्या आडव्यांच्या बाहेरून बांधा, म्हणजे कागद लावायला सपाट अंग मिळतं. गाठ दोऱ्याची, तिच्यावर फेव्हिकॉलचा थेंब. फेव्हिकॉल सुकण्याआधी प्रत्येक बाजूचे दोन्ही कर्ण मोजा. 8 बाय 12 च्या बाजूचा कर्ण 14.4 इंच भरायला हवा, आणि दोन्ही कर्ण सारखे. घरगुती कंदिलांत सर्वांत जास्त दिसणारा दोष हाच, सांगाडा पिळलेला असतो. कागद चढल्यावर तो सरळ होत नाही. कागद तेवढा फाटतो.

आता तावदानं. ट्रेसिंग पेपर किंवा पातळ हातकागदाचे सव्वादोन इंच रुंद, अडीच इंच उंच तुकडे कापा. ए-फोर कागदात, तुकड्याची रुंदी कागदाच्या लांबीकडे ठेवली तर 15 तुकडे बसतात. एका बाजूला 24, चार बाजूंना 96, म्हणजे 7 कागद. तुकडे कागदातून एकाच दिशेने कापायचे, कारण कागद ओल लागली की एका अंगाने जास्त फुगतो. शेजारी-शेजारी उलटसुलट दिशेचे तुकडे आले तर एक ताठ राहतो आणि दुसरा पन्हळतो.

लावायला सुरुवात खालच्या रांगेपासून. वरचा तुकडा खालच्यावर अर्धा इंच चढवायचा, छपरावर कौलं चढवतात तसा. सहा रांगा मिळून साडेबारा इंच होतात. वरचा अर्धा इंच वरच्या आडव्या कामटीवरून आत दुमडा. या चढवण्याचा खरा उपयोग दिवा लावल्यावर दिसतो. जिथे दोन थर येतात तिथे आडवी गडद रेघ उमटते आणि आडव्या पट्ट्या न लावताही खिडकीची जाळी पुरी होते. म्हणून अर्धा इंच म्हणजे अर्धाच इंच. एक तुकडा खाली-वर झाला तर दिवसा कळणार नाही, रात्री समोरच्या घरातून कळेल.

चिकट लावायचं ते कामटीला, कागदाला नाही. कागदाला लावलं की तो भिजतो, ताणला जातो आणि सुकल्यावर कडेला चिरतो. दिवा 5 वॅटचा एलईडी, पिवळसर उजेडाचा, आणि कागदापासून चारी बाजूंनी अडीच इंच तरी लांब. पांढऱ्या उजेडात ट्रेसिंग पेपर दवाखान्याच्या खिडकीसारखा दिसतो. खालची आणि वरची बाजू उघडी राहू द्या. खाली झिरमिळ्या हव्या असतील तर लावा. आमच्या मते या कंदिलाला त्या शोभत नाहीत.

चिकट म्हणजे खळच. 3 मोठे चमचे मैदा आणि एक पेला, साधारण 200 मिलिलिटर, पाणी. मैदा आधी थोड्या गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवा, मग उरलेलं पाणी घालून मंद आचेवर ढवळत राहा. पांढरा रंग जाऊन काचेसारखी झाक आली की उतरवा. त्याआधी उतरवलेली खळ सुकल्यावर भुकटी होऊन गळते. गरम खळ लावू नका, कागद आखडतो. खळीला बुरशी आणि कसर लागू नये म्हणून तिच्यात चिमूटभर मोरचूद (कॉपर सल्फेट) घालतात. चमचाभर गरम पाण्यात विरघळवून घालायचा, तोही काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या भांड्यात. लोखंडाचं भांडं मोरचुदाने खराब होतं. मोरचूद विषारी आहे, त्यामुळे मुलांच्या हाती द्यायच्या खळीत तो घालू नये. ती खळ फ्रीजमध्ये ठेवून दोन-तीन दिवसांत संपवावी.

गोव्यात 1556 साली सेंट पॉल कॉलेजात छापखाना आला. हिंदुस्थानातला तो पहिला. कागद आणि पाऊस यांचं भांडण तिथे तेव्हापासूनचं धरा. जून ते सप्टेंबर हवा इतकी दमट असते की लावलेली खळ दुसऱ्या दिवशीही ओलसर लागते. म्हणून कंदिलाचं काम पाऊस ओसरल्यावर, दसऱ्याच्या आसपास काढलेलं बरं. इथे तुमची अडचण उलटी आहे. हीटर लावलेल्या खोलीत खळ पटकन सुकते, कागद आकसतो आणि कडा ओढून सोडवतो. काम करताना खोलीत पाण्याचं पसरट भांडं ठेवा आणि तयार कंदील हीटरसमोर वाळवू नका.

दुसरी वस्तू कावी. गोव्यातल्या जुन्या देवळांच्या भिंतींवर तांबड्या-पांढऱ्या रंगात ती दिसते. मोरजी गावच्या मोरजाईच्या देवळात आहे. लोक तिला भित्तिचित्र म्हणून बघतात आणि घरी येऊन तांबड्या रंगाने पांढऱ्या कागदावर फुलं रंगवतात. म्हणजे बांधणी उलटीच झाली! कावीत तांबडं रंगवत नाहीत. पांढऱ्या चुन्यावर काव, म्हणजे तांबडी माती, मिसळलेल्या चुन्याचा तांबडा थर देतात आणि तो ओलसर असतानाच खरवडून खालचं पांढरं उघडं करतात.

कागदात हेच करता येतं. 300 जीएसएमचा जाड कागद घ्या. खडूची भुकटी 4 चमचे, फेव्हिकॉल 1 चमचा आणि पाणी 3 चमचे कालवून दोन हात द्या, पहिला सुकल्यावर दुसरा. कागदाच्या पाठीलाही फेव्हिकॉलच्या पाण्याचा एक हात द्या, नाहीतर सगळा कागद पुढे वाकतो. मग पांढऱ्यावर एक भाग फेव्हिकॉल आणि चार भाग पाणी असा पातळ हात. ही पायरी गाळली तर गेरू पांढऱ्यात मुरतो आणि खरवडल्यावर गुलाबी डाग निघतात. शेवटी गेरू 2 चमचे, फेव्हिकॉल अर्धा चमचा, पाणी 2 चमचे, असा तांबडा हात.

खरवडायची वेळ साधणं हे यातलं सगळं कसब. बोट टेकवल्यावर गार लागतं पण रंग लागत नाही, ती वेळ. आधी खरवडलं तर खालचं पांढरंही उकरून येतं, उशीर झाला तर तांबड्याचे टवके उडतात. म्हणून एका वेळी पोस्टकार्डाएवढाच तुकडा रंगवा. कंपासने वर्तुळ काढा, त्याच त्रिज्येने परिघावर सहा खुणा करा आणि प्रत्येक खुणेवर टोक ठेवून कंस मारा, सहा पाकळ्यांचं फूल होतं. रेघ चुकली तर दुरुस्ती नाही. भिंतीवरही नसते.

तांबड्यासाठी गेरूच का? गोव्यातले हौशी लोक कोकमाचा रंग सुचवतात, कारण घरात आमसुलं असतात. तो रंग सुरेख दिसतो, पण उन्हात विटतो, आणि चुना किंवा सोड्याचा अंश लागला की निळसर करडा पडतो. गेरू ही माती, तिचा रंग उडत नाही. कोकम सोलकढीत ठेवा.

कागद स्वतः करायचा असेल तर केळीसारखी सोय नाही. घड उतरवला की केळीचं खोड तोडावंच लागतं. खोडाचे सोप, म्हणजे थर, सुटे करून सेंटिमीटरभराचे तुकडे करा आणि वाळवा. खोडात पाणीच फार, त्यामुळे टोपलीभर तुकडे वाळून ओंजळभर उरतात. अर्धा किलो वाळलेल्या तुकड्यांना 5 लिटर पाणी आणि 100 ग्रॅम धुण्याचा सोडा घालून स्टीलच्या भांड्यात तीनेक तास उकळा. अॅल्युमिनियमचं भांडं नको, सोडा ते खातो. मग पाण्याचा बुळबुळीतपणा जाईपर्यंत धुवा आणि लाकडी धोपटण्याने धोपटा. मिक्सर वापरणार असाल तर मूठभर लगद्याला भांडंभर पाणी घ्या. तुकडे लांब राहिले असतील तर धागे पात्याला गुंडाळतात आणि मोटार तापते. नुसत्या केळीचा कागद सुरुवातीला नीट बसत नाही, तेव्हा सात भाग भिजवून वाटलेली रद्दी आणि तीन भाग केळीचा लगदा असं घ्या.

मच्छरदाणीची जाळी ताणून ठोकलेली एक चौकट आणि तिच्यावर तेवढीच एक मोकळी चौकट, एवढंच साधन. लगद्याच्या पाण्यात उभी घालून आडवी उचलायची आणि पाणी गळत असतानाच पुढे-मागे, डावी-उजवीकडे हलकेच हलवायची. पाणी गळून गेल्यावर हलवलं तर भोकं पडतात. वरची चौकट काढून कागद ओल्या सुती कापडावर उलटा, फळीखाली दाबा आणि कापडासकट वाळवा. घाईने सोडवलेला कागद पापडासारखा वळतो. अशा कागदावर शाई पसरते. त्याला इलाज गोव्याच्या रोजच्या ताटातला, पेजेचं गाळलेलं पातळ पाणी. दोन्ही बाजूंनी एकेक हात द्यायचा. इथे केळीचं खोड मिळणार नाही. मक्याच्या कणसाची सालं याच कृतीने चालतात.

माटोळीचं दोन वाक्यांत सांगतो. चवथीला गणपतीवर टांगतात त्या फळाफुलांच्या चौकटीची कागदी प्रतिकृती करायची हौस मंडळांना असते, पण कागदी फळांना वजन नसल्यामुळे ती गरगर फिरतात आणि दोरे गुंततात. प्रत्येक फळात एकेक खडा घाला, म्हणजे दोरा ताठ राहतो.

नरकचतुर्दशीच्या पहाटे गोव्यात जाळतात त्या नरकासुराच्या पुतळ्याचा मुखवटा करायचा तर रद्दीच्या पट्ट्या कात्रीने कापू नका, फाडा. फाटलेली कड पुढच्या थरात मिसळून जाते, कापलेली कड रंगाखालूनही दिसते. पाच-सहा थर पुरे, दोन थरांनंतर एक दिवस वाळवण. पहाटे जाळायचा असेल तर थर्मोकोल आणि प्लॅस्टिक रंग वर्ज्य. गोव्यात हल्ली नरकासुर जितके उंच होतात तितकी हातकारागिरी कमी दिसते, हे आमचं मत तिथेही कुणाला आवडत नाही.

आणि त्या निळ्या-पांढऱ्या फरशा. त्यांची चकाकी कागदात आणू नका. घेण्यासारखी एकच गोष्ट आहे, एकच नमुना चार वेळा पाव-पाव फिरवून पूर्ण आकृती होते. त्याचा एक स्टेन्सिल कापला की भिंतभर काम चालतं.

जेवणानंतर मागच्या खोलीत टेबलं मांडली आहेत. प्रत्येक टेबलावर 7 कागद, बांधून तयार केलेला एक सांगाडा आणि खळीची वाटी आहे. मोरचूद कुठल्याच वाटीत नाही. कावीचं टेबल खिडकीपासून लांब ठेवलं आहे, वाऱ्याने गेरू लवकर सुकतो. तिथे एका वेळी चौघांनीच बसा, पाचव्याचं कार्ड हात लागेपर्यंत वाळून जाईल.