आयकॉन लपतो, परवानगी लपत नाही

मंडळी, नमस्कार. आपल्या फोनमध्ये कुणी हेरगिरीचं ॲप बसवलंय का, हे घरच्या घरी कसं तपासायचं, हा आजचा विषय. विषय ऐकल्याबरोबर पहिल्या दोन रांगांतली बोटं डायल पॅडकडे गेली. हेरगिरी पकडणारा कोड म्हणून मेसेजमध्ये आलेला *#२१# लावताय ना? लावा, लावा. आधी त्याचंच बोलू.

तो कोड लावला की काही फोनवर यादी येते: व्हॉइस, डेटा, फॅक्स, एसएमएस. घरात फॅक्सचं मशीन कधी आलं नाही आणि फोन फॅक्सचं काय सांगतोय, म्हणून माणूस दचकतो. मग *#६२# लावतो, तिथे अनोळखी नंबर दिसतो आणि रात्रीची झोप उडते. 'लगेच सगळ्यांना पाठवा' असं शेपूट लावून हा मेसेज नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरत राहतो. त्याच्यावर माझा राग आहे, आणि तो नुसत्या घबराटीबद्दल नाही. ज्याच्या फोनमध्ये खरंच काही आहे, त्याला हा कोड 'सगळं ठीक' सांगून मोकळा होतो.

कॉल फॉरवर्डिंगची नोंद सिम कंपनीच्या यंत्रणेत असते. *#२१# हा त्या कंपनीला विचारलेला प्रश्न आहे: या नंबरचे सगळे कॉल दुसरीकडे वळवलेत का? *#६७# म्हणजे फोन बिझी असताना, *#६१# म्हणजे उचलला नाही तर, *#६२# म्हणजे बंद किंवा रेंजबाहेर असताना. बासष्टला दिसणारा नंबर बहुतेक वेळा कंपनीच्याच व्हॉइसमेलचा किंवा मिस्ड कॉल अलर्टचा निघतो. कंपनीच्या वहीत काय लिहिलंय ते यातून कळतं. फोनच्या पोटात काय आहे, ते कळत नाही.

फॉरवर्डिंगची फसवणूक मात्र खरी आहे, ती उडवून लावू नका. 'कुरिअरवाला बोलतोय, *४०१* आणि पुढे हा नंबर लावा' असं कुणी सांगितलं आणि तुम्ही लावलं, तर तुमचे कॉल त्याच्याकडे जातात आणि फोनवर बोलून सांगितला जाणारा ओटीपीही. म्हणूनच दूरसंचार विभागाने कोड लावून फॉरवर्डिंग सुरू करण्याची सोय १५ एप्रिल २०२४ पासून थांबवण्याचा आदेश कंपन्यांना दिला. शंका असेल तर ##००२# लावा, सगळं फॉरवर्डिंग रद्द होतं. पण ही कॉलची चोरी झाली. हेरगिरीचं ॲप वेगळं.

बॅटरी लवकर उतरते, फोन तापतो, यांवरूनही हेरगिरी ओळखता येत नाही. बॅटरी जुनी झाली, घरात रेंज कमी आहे, नुकताच अपडेट झालाय, एवढ्यानेही फोन तापतो. उलट हुशारीने केलेलं ॲप चार्जिंग आणि वायफाय मिळेपर्यंत गप्प बसू शकतं.

मग बघायचं काय? ॲपला तुमचे मेसेज वाचायचे, आवाज ऐकायचा, जागा कळवायची, तर अँड्रॉइडकडून परवानगी लागते. आयकॉन लपवता येतो, नाव 'सिस्टिम सर्व्हिस' ठेवता येतं, पण परवानगीची नोंद सेटिंग्जमध्ये राहते. तपास तिथून सुरू करायचा. कंपनीगणिक मेनूची जागा बदलते, म्हणून सेटिंग्जच्या वरच्या शोधपट्टीत नाव टाका.

पहिलं प्ले प्रोटेक्ट, म्हणजे फोनमधली ॲप्स तपासणारी गूगलची सोय. प्ले स्टोअर, वर आपला फोटो, प्ले प्रोटेक्ट, मग दातेरी चाकाचं चिन्ह. स्कॅनिंग बंद दिसलं आणि ते तुम्ही बंद केलेलं नसेल, तर तोच मोठा पुरावा, कारण अशी ॲप्स बसवताना आधी हे बंद करायला लावतात. ते चालू करून स्कॅन करायचं, पण सापडलं तर काय करायचं हे शेवटी सांगतो, ते ऐकल्यावरच.

दुसरं ॲक्सेसिबिलिटी, आणि इथे घाई करू नका. दृष्टिहीनांना पडदा वाचून दाखवण्यासाठी केलेली ही सोय. ती ज्या ॲपला मिळाली, त्याला पडद्यावरचं सगळं वाचता येतं आणि तुमच्या वतीने बटणंही दाबता येतात. व्हॉट्सॲपचं एन्क्रिप्शन कितीही पक्कं असो, मेसेज पडद्यावर उघडला की या ॲपला तो दिसतो. 'डाउनलोड केलेली ॲप्स' या भागात तुम्ही स्वतः चालू न केलेलं एकही नाव असता कामा नये. अँड्रॉइड १३पासून प्ले स्टोअरच्या बाहेरून आणलेल्या ॲपला ही परवानगी सहज मिळत नाही. ॲपच्या माहितीत जाऊन, तीन ठिपक्यांतून 'प्रतिबंधित सेटिंग्जना परवानगी' आधी द्यावी लागते. म्हणजे कुणीतरी तुमचा पिन टाकून, फोन हातात घेऊन, काही मिनिटं बसलेलं असतं. कोण बसलं असेल, हे बहुधा तुम्हालाच ठाऊक असतं.

त्याच पद्धतीने नोटिफिकेशन ॲक्सेस बघा. मग डिव्हाइस ॲडमिन ॲप्स, म्हणजे फोनवर जादा अधिकार मिळालेली ॲप्स. तिथे फोन शोधून देणारी गूगलची सेवा किंवा ऑफिसचा मेल असणं स्वाभाविक आहे. अनोळखी ॲप ॲडमिन झालेलं असेल तर 'अनइन्स्टॉल' दाबलं जात नाही, आधी ॲडमिन काढावं लागतं. पुढे 'अनोळखी ॲप्स इन्स्टॉल करा'. व्हॉट्सॲपसमोर परवानगी दिलेली दिसली, तर तिथून आलेली एखादी एपीके, म्हणजे अँड्रॉइड ॲपची फाइल, कुणीतरी उघडलेली असणार. लग्नपत्रिका, वाहनाचं चलन, अशा नावांनी त्या येतात. पत्रिका फोटो किंवा पीडीएफ असते, ती इन्स्टॉल करावी लागत नाही. शेवटी ॲप्सची पूर्ण यादी. संशयित ॲपच्या माहितीत तळाशी ते कुठून आलं हे लिहिलेलं असतं. गूगल प्ले स्टोअर नसेल, आणि फोनसोबत आलेलं ॲपही नसेल, तर थांबा.

चिठ्ठी आली आहे, सहा मिनिटं उरली. आयफोनचं पटकन सांगतो. तिथे बाहेरचं ॲप घुसवणं अवघड, म्हणून पाळत बहुधा अकाउंटवरून ठेवली जाते. सेटिंग्जमध्ये वर तुमचं नाव, त्याखाली उपकरणांची यादी: अनोळखी काही आहे का बघा. जनरलमध्ये 'व्हीपीएन आणि डिव्हाइस मॅनेजमेंट' उघडा, तिथे अनोळखी प्रोफाइल नको. आयओएस १६पासून 'सेफ्टी चेक' आहे, तुमची माहिती कुणाकुणाला दिसते ते त्यात कळतं, ते एकदा पूर्ण बघा. फेस आयडीत दुसरा चेहरा, अँड्रॉइडमध्ये जास्तीचं बोट नोंदलेलं नाही ना, तेही बघा. दोन्ही फोनांवर व्हॉट्सॲपचे 'लिंक्ड डिव्हाइसेस' तपासा. चार उपकरणं जोडता येतात, आणि कित्येकदा सगळी हेरगिरी एवढीच असते. गूगल अकाउंटची उपकरणं आणि मॅप्समधलं लोकेशन शेअरिंगही तपासायचं राहू देऊ नका.

पेगासस, म्हणजे सरकारांना विकलं जाणारं इस्रायली हेरगिरीचं सॉफ्टवेअर. प्रश्न येणार, म्हणून आधीच सांगतो: वर सांगितलेल्या तपासात ते सापडत नाही. त्यासाठी ॲम्नेस्टी या मानवाधिकार संघटनेच्या सिक्युरिटी लॅबने २०२१मध्ये खुलं केलेलं एमव्हीटी नावाचं साधन आहे. ते संगणकावर चालतं आणि आयफोनचा एन्क्रिप्टेड बॅकअप तपासतं. काही सापडलं नाही म्हणजे फोन स्वच्छ, असं त्यावरून म्हणता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या समितीने २९ फोन तपासले, पाचांत मालवेअर मिळालं, पण ते पेगाससच असल्याचं सिद्ध झालं नाही. पत्रकार, वकील, कार्यकर्ते यांनी आयफोनचा लॉकडाउन मोड चालू ठेवावा.

आता सापडलं तर काय, आणि हे सगळ्यांत महत्त्वाचं. लगेच काढू नका. ॲप बंद पडलं की पाळत ठेवणाऱ्याला कळतं, आणि तो त्याच घरात राहणारा असू शकतो. त्याच फोनवर इंटरनेटवर या गोष्टी शोधूही नका. आधी सुरक्षित जागा, विश्वासाचं माणूस, महिलांसाठी १८१, तातडी असेल तर ११२. दुसऱ्या फोनने प्रत्येक पडद्याचे फोटो काढा: ॲपचं नाव, परवानग्या, तारीख. स्त्रीच्या इंटरनेट, मेल वा अन्य इलेक्ट्रॉनिक संवादावर पाळत ठेवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८खाली गुन्हा आहे. फोन रीसेट केला की पुरावा गेला, म्हणून तक्रार आधी, रीसेट नंतर. पैसे गेले असतील तर मात्र वाट न बघता १९३०. रीसेटनंतर जुन्या बॅकअपमधून ॲप्स परत आणू नका, फक्त फोटो आणि संपर्क. पासवर्ड दुसऱ्या, स्वच्छ फोनवरून बदला, सुरुवात मेलच्या पासवर्डपासून. पिन नवा ठेवा, आणि तो घरात कुणालाही सांगू नका.