तिखट दाणे: झणका उशिरा का येतो

बशीत मोजून पाच शेंगदाणे. लालसर, किंचित तेलकट, फटीत तिखट जाड बसलेलं. एक उचला, तोंडात टाका, पण चावू नका. जिभेला आधी मीठ लागतं, मागोमाग आंबटपणा. तिखटाचा अजून पत्ता नाही.

आता चावा, आणि पटकन गिळू नका.

शेंगदाण्याच्या वजनात जवळपास निम्मं तेल असतं. बदामातही साधारण तेवढंच, काजूत थोडं कमी. मिरचीतला झोंबणारा पदार्थ म्हणजे कॅप्सेसिन. पाण्याशी त्याचं जमत नाही, तेलात मात्र तो सहज विरघळतो. दाणा चावला की सुटलेलं तेल त्यातला काही भाग स्वतःकडेच धरून ठेवतं. त्यामुळे पहिल्या दाण्याला ‘हे काही तिखट नाही’ म्हणणारा तिसऱ्या दाण्याला कपाळ पुसत असतो. मूठ भरून खाणाऱ्याला तर दाण्याचा खमंगपणा कळायच्या आतच घसा धरतो.

खरं तर तिखट ही चवच नव्हे. तोंडातल्या ज्या संवेदकाला साधारण 43 अंशांपुढची उष्णता भाजल्यासारखी जाणवते, त्यालाच कॅप्सेसिन चेतवतं. अमेरिकी शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने 1997 साली हा संवेदक ओळखला आणि 2021 च्या नोबेल पुरस्कारात या कामाचा वाटा होता. बशीपुरता त्याचा अर्थ एवढाच: कढईतून नुकते उतरलेले दाणे आहेत त्याहून जहाल वाटतात. चव घ्यायची तर ते पूर्ण गार होऊ द्या.

दोन प्रकार ताडून बघायचे असतील तर कमी तिखट आधी. दाणे लागोपाठ खाल्ले की जळजळ चढत जाते. उलट, भरपूर खाऊन दहा-पंधरा मिनिटं थांबलं, तर तेच दाणे फिके लागतात, कारण जीभ बधिरलेली असते. 1912 मध्ये अमेरिकी औषधतज्ज्ञ विल्बर स्कोव्हिल यांनी तिखटपणा मोजण्यासाठी मिरचीचा अर्क साखरेच्या पाण्यात पातळ करत, झोंबणं थांबेपर्यंत माणसांना चाखायला दिला. त्या मापातली मोठी अडचण हीच, थकणारी जीभ. आता ते काम यंत्रं करतात.

पाणी पिऊन आग विझत नाही, ती तोंडभर पसरते. गार, सायीसकट दूध घ्या. त्यातलं केसीन हे प्रथिन कॅप्सेसिनला धरतं. दहीही चालतं.

फसलेले दाणे ओळखणं सोपं आहे. मागे कडवट चव राहिली, तर तिखट करपलंय. दाताखाली कुरकुर नाही, मेणचट लागतंय, तर दाणे सादळलेत. जुन्या तेलासारखा वास आला, तर ते खवट झालेत, आणि कितीही मसाला तो वास झाकत नाही. सगळा रंग डब्याच्या तळाशी आणि दाणे पांढरे, तर मसाला चिकटलाच नाही.

बहुतेक चुका क्रमाच्या असतात. पाव किलो सोललेले शेंगदाणे ओव्हनमध्ये 160 अंशांवर 15 ते 18 मिनिटं भाजा, मध्ये दोनदा हलवा. हव्या त्या रंगाच्या जरा अलीकडेच बाहेर काढा, कारण आतल्या उष्णतेने ते पुढेही भाजत राहतात. गरम असतानाच एक छोटा चमचा तेल चोळा. मग पाऊण चमचा मीठ, मिक्सरमधून पिठासारखं बारीक केलेलं. खडा मीठ दाण्यावर टिकत नाही. शेवटी दीड चमचा तिखट. तिखट ओव्हनमध्ये घालायचंच नाही, ते दाण्यांच्या कितीतरी आधी करपतं.

लिंबाचा मोह इथे नडतो. रस घातला की दाणे मऊ पडतात. घालायचाच असेल तर तिखटाच्या आधी, आणि दाणे पुन्हा 120 अंशांवर आठ-दहा मिनिटं कोरडे करून. चिमूटभर सायट्रिक ॲसिड त्यापेक्षा सोयीचं.

डब्यात भरताना दाणे पूर्ण गार हवेत, नाहीतर झाकणाला वाफ धरते आणि दुसऱ्या दिवशीच कुरकुरीतपणा जातो.

आणि बोटं. नुसत्या पाण्याने तिखट निघत नाही. थोडं तेल चोळा, मग साबण लावा. डोळ्यांना हात त्यानंतरच.