मिरवणुकीनंतर कानात उरलेली शिट्टी

श्रोतेहो, नमस्कार.

गणपती जवळ आले की आमच्या मंडळाच्या बैठका सुरू होतात. देवळाच्या ओवरीत सतरंजी अंथरायची, वर्गणीची पावतीपुस्तकं वाटायची, मांडवाचं ठरवायचं. आणि सगळ्यात शेवटी, रात्री अकराच्या सुमारास, वाजवण्याचा विषय निघतो. यंदा कुणाला सुपारी द्यायची? किती बेस, किती टॉप? शेजारच्या मंडळानं काय ठरवलंय? वीस वर्षं मी या बैठकांना बसलो आहे. आधी ताशा वाजवायचो, मग कार्यकर्ता झालो आणि मिरवणुकीत डॉल्बीच्या गाडीपुढं गर्दी आवरायला दोर धरून चालू लागलो. म्हणजे त्या स्पीकरच्या भिंतीपासून पाच-सहा हातांवर, रात्र-रात्र.

मागच्या वर्षी माझी मुलगी पाढे म्हणून दाखवत होती. ती म्हणाली, ‘बारा पंचे साठ’. मला ऐकू आलं ‘आठ’. मी म्हटलं, चुकलं, परत म्हण. तिनं परत म्हटलं, मला परत आठच ऐकू आलं. तिसऱ्या वेळी मी रागावलो आणि ती रडायला लागली. तेव्हा स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला, ‘अहो, ती साठच म्हणतेय.’

कानाच्या डॉक्टरांनी मला एका बंद खोलीत बसवून तपासलं आणि आलेख हातात दिला. रेष बऱ्यापैकी सरळ चाललेली आणि चार हजार हर्ट्झपाशी एकदम खड्ड्यात गेलेली. तो खड्डा बघून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, ‘कारखान्यात कामाला आहात की मिरवणुकीत असता?’ मोठ्या आवाजानं कान जातो तेव्हा पहिली झीज याच जागी दिसते, असं ते म्हणाले. स, श, फ ही अक्षरं बारीक, उंच सुरातली असतात. तीच आधी निसटतात. माणूस बोलतोय हे कळतं, तो काय बोलतोय ते कळत नाही. आणि रात्री घर शांत झालं की माझ्या दोन्ही कानांत एक शिट्टी वाजते. ती मिरवणुकीच्या दुसऱ्या दिवशी पूर्वी थांबायची. आता थांबत नाही.

आपल्या प्रत्येक कानात आत, शंखासारख्या वेटोळ्यात, साधारण पंधरा हजार केसपेशी असतात. आवाजाच्या लाटेनं त्या हलतात आणि मेंदूला निरोप जातो. फार मोठ्या आवाजानं त्या मोडतात. मोडलेली केसपेशी माणसाच्या कानात पुन्हा उगवत नाही. मला वाटायचं, दोन दिवस कान बधिर राहतात आणि मग भरून येतं. जे भरून आल्यासारखं वाटायचं, त्याखाली दर वर्षी थोडं थोडं कायमचं जात होतं.

डेसिबलचा हिशेब आपल्याला फसवतो. रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५ ही सरकारची मर्यादा आहे. मिरवणुकीत आकडा १०५ झाला असं पेपरात वाचलं की वाटतं, दुप्पटच तर झालाय. पण डेसिबलची पट्टी गुणाकारानं चढते. दर १० डेसिबलला आवाजाची ऊर्जा दहापट होते. ५५ वरून १०५ वर जाणं म्हणजे एक लाख पट. पुण्यात अभियांत्रिकीचे विद्यार्थी अनेक वर्षं लक्ष्मी रस्त्यावर विसर्जनाच्या दिवशी मोजमाप करत आले आहेत आणि शंभरीपुढचे आकडे त्यांनी पुष्कळदा नोंदवले आहेत. कान किती सोसतो याचाही साधा हिशेब आहे. ८५ डेसिबलला आठ तास. पुढं दर तीन डेसिबलला वेळ निम्मी. असं करत १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं. आमची मिरवणूक दुपारी निघते आणि पहाटे संपते.

मग हा पहिला घाव कुणाला बसतो? गाडीपुढं नाचणाऱ्या पोरांना. जनरेटरपाशी उभ्या असलेल्या, रोज मजुरीवर आलेल्या मुलाला. ढोलपथकातल्या मुलामुलींनासुद्धा, कारण ढोल परंपरेतला असला तरी कानाला तो फरक कळत नाही, आणि पथकांचा सराव तर दोन-दोन महिने रोज चालतो. मंडळ ज्यांच्या जिवावर उभं आहे, तीच ही पोरं.

आणि दुसरा घाव बसतो घरात असणाऱ्यांना. एका वर्षी आम्ही चौकात अडकलो होतो, पुढचं मंडळ हलत नव्हतं. समोरच्या जुन्या घराच्या जिन्यात एक बाई तान्हं बाळ पदराखाली घेऊन बसली होती. आमच्या बेसच्या प्रत्येक ठोक्याला तिच्या मागचं लाकडी दार चौकटीत थडथडत होतं. तिनं दोन्ही तळवे बाळाच्या कानांवर दाबले होते आणि ती माझ्याकडं बघत होती, कारण दोर माझ्या हातात होता. मी मागं वळून हातानं ‘कमी कर’ अशी खूण केली. गाडीवरच्या ऑपरेटरनं पुढच्या मंडळाकडं बोट दाखवलं. त्यांचा आवाज चढा होता. आमचा कमी झाला असता तर आमची पोरं त्याला गाडीवरून खाली ओढती. चाळीस मिनिटं ती बाई तशीच बसून होती.

कायद्याचं म्हणाल तर तो २००० सालापासून आहे. सार्वजनिक जागेच्या हद्दीपाशी लाउडस्पीकरचा आवाज कुठंही ७५ डेसिबलच्या वर जाऊ शकत नाही. रात्री दहा ते सकाळी सहा बंद. सरकार वर्षात फार तर १५ दिवस बारापर्यंत सवलत देतं, पण ती वेळेची सवलत आहे, आवाजाची नाही. सरकारनं जाहीर केलं असेल तिथं रुग्णालय, शाळा आणि न्यायालयाभोवती किमान १०० मीटर शांतता क्षेत्र. ‘आमच्याच सणांवर का बोलता’ असं मला बैठकीत ऐकवतात. मी गणपतीचा माणूस आहे, दहा दिवस मांडवात झोपणारा, म्हणून सांगतो: दुसऱ्याची शांतता मोडून प्रार्थना करावी असं कोणताच धर्म सांगत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २००० साली म्हटलं ते चेन्नईतल्या एका चर्चच्या खटल्यात. आणि २००५ चा आवाजावरचा मोठा निकाल ज्या घटनेमुळं न्यायालयापुढं आला, ती ऐकून माझ्या अंगावर काटा आला होता. तेरा वर्षांच्या एका मुलीवर अत्याचार होत होता. ती ओरडत होती. शेजारच्या लाउडस्पीकरमुळं कुणालाही ऐकू गेलं नाही.

मिरवणुकीतल्या लेझर दिव्यांबद्दल एवढंच सांगतो. डोळ्याचं भिंग तो झोत थेट पडद्याच्या मध्यभागी एका बिंदूवर गोळा करतं, आणि पापणी मिटेपर्यंत जखम झालेली असते. जखम अगदी मध्यावर असते, म्हणजे ज्यानं आपण वाचतो आणि समोरचा चेहरा ओळखतो तिथं. कोल्हापूर-पुण्याकडच्या नेत्रतज्ज्ञांकडं मिरवणुकीनंतर अशी तरुण पोरं आली. २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी लेझरवर बंदीही घातली. तुमच्या सुपारीत ‘लाइट’ असं मोघम लिहिलं असेल तर त्यात लेझर आहे का, ते विचारा.

  

कार्यकर्त्यांनो, कानात कापसाचे बोळे घालून फारसं काही होत नाही. औषधाच्या दुकानात फोमची बुचं मिळतात. ती बोटांनी वळून आत बसवायची, म्हणजे ती फुगून कान भरतात. दोर धरणाऱ्या आणि ताशा वाजवणाऱ्या प्रत्येकाला मंडळानं ती द्यावीत. वर्गणीत सहज बसतात. आणि ज्यांना घरात त्रास होतो त्यांनी ११२ वर फोन करावा. तक्रार करणाऱ्याचं नाव पोलिसांनी उघड करू नये, असं उच्च न्यायालयानं सांगितलेलं आहे.

पण एकदा गाडी चौकात उभी राहिली की आवाज कमी करणं कुणाच्या हातात राहत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. तो बैठकीतच ठरतो, सुपारीच्या कागदावर. शेजारच्या मंडळाशी आधीच बोलून दोघांनी मिळून ठरवलं, तरच तो खाली येतो, कारण एकट्यानं कमी करायला कुणी धजावत नाही. येत्या रविवारी आमची बैठक आहे. शेजारच्या मंडळाच्या अध्यक्षांना मी बोलावलंय आणि ते येतो म्हणालेत. डॉक्टरांनी दिलेला तो आलेख मी घेऊन जाणार आहे. सुपारीचा विषय निघायच्या आधी तो सतरंजीवर ठेवीन आणि सगळ्या पोरांना विचारीन, मिरवणुकीच्या दुसऱ्या दिवशी तुमच्यापैकी कुणाकुणाच्या कानात शिट्टी वाजते?

नमस्कार.