मोंबासाहून नैरोबीकडे
(व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. केनियातल्या मसाई मारा अभयारण्यातल्या सिंहांचे फोटो मध्यंतरात पडद्यावर सुरू राहतील. त्यांना माझ्या बोलण्याची गरज नाही. मी आज माणसांबद्दल बोलणार आहे, आणि तेही केनियातल्या एका पट्ट्यापुरतं. मोंबासाच्या किनाऱ्यापासून नैरोबीपर्यंत. आफ्रिकेत ५४ देश आहेत, आपला भारत त्या खंडात नऊ वेळा मावेल. तेव्हा ‘आफ्रिका पाहून आलो’ असं म्हणायला माझी तरी जीभ रेटत नाही.

मोंबासाला फोर्ट जीझस आहे. पोर्तुगीजांनी तो १५९३ ते १५९६ या काळात बांधला आणि त्याचा कारभार गोव्याहून चाले. वसईचा किल्ला पाहिलेल्या माणसाला तिथे परकं वाटत नाही. तोच समुद्राकडे रोखलेला बुरूज, तोच खारा वारा. आतल्या संग्रहालयात एका बुडालेल्या जहाजातल्या वस्तू मांडल्या आहेत. जहाजाचं नाव ‘सांतो आंतोनियो दी टाना’. १६८१ साली बांधलं ते आपल्या वसईत, आणि नावातलं टाना म्हणजे ठाणं! ओमानच्या अरबांनी १६९६ मध्ये किल्ल्याला वेढा घातला, तेव्हा गोव्याहून कुमक गेली. त्या धामधुमीत १६९७ साली हे जहाज किल्ल्यासमोरच बुडालं. पुढच्या वर्षी किल्लाही पडला. मी त्या काचेच्या कपाटांपाशी बराच वेळ रेंगाळलो. बरोबरची मंडळी तोवर शहाळी पिऊन आली.

ही जहाजं ये-जा करत ती वाऱ्याच्या भरवशावर. डिसेंबर ते मार्च ईशान्येचा वारा वाहतो, त्याला तिथले लोक कास्काझी म्हणतात. त्यावर कच्छची, अरबस्तानची गलबतं खाली उतरायची. एप्रिलनंतर वारा फिरतो, तो कुसी, त्यावर परतायचं. हाच वारा पुढे आपल्याकडे पाऊस घेऊन येतो. ज्या वाऱ्याची कोकणातला शेतकरी जूनमध्ये वाट बघतो, त्याच वाऱ्याच्या आशेवर मोंबासाच्या बंदरात खलाशी शिडं शिवत बसलेले असत.

जुन्या गावात सकाळी न्याहारीला गेलो. चुलीवर कढई, कढईत टम्म फुगलेले तिकोनी महाम्री. पुरीपेक्षा जाड, आत पोकळ, किंचित गोड, वेलचीचा वास. सोबत वाटीत म्बाझी, म्हणजे नारळाच्या दुधात शिजवलेली अख्खी तूर. वाढणाऱ्या बाईंना माझ्या हॉटेलातल्या ब्रेडबटरची दया आली असावी, कारण वाटी रिकामी व्हायच्या आत त्या पुन्हा भरत होत्या. सफारीच्या पॅकेजमध्ये ही न्याहारी बसत नाही. विमानतळ, जीप, तंबू, पुन्हा विमानतळ. मला हा प्रकार पटत नाही, स्पष्ट सांगतो.

आता रेल्वे. इंग्रजांनी १८९६ मध्ये मोंबासाहून रूळ टाकायला सुरुवात केली. १८९९ ला गाडी नैरोबीच्या जागी पोचली. तेव्हा तिथे दलदल होती, शहर नव्हतंच. १९०१ ला रूळ व्हिक्टोरिया सरोवराला भिडले. त्या कामावर हिंदुस्थानातून सुमारे ३२,००० मजूर नेले, बहुतेक पंजाबातले. त्यांतले सुमारे २,५०० तिथेच मेले. वाटेतल्या त्सावोच्या जंगलातल्या नरभक्षक सिंहांची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते, पण सिंहांनी खाल्ले ते त्यातले थोडे. बाकीचे रोगराईने आणि कष्टांनी गेले, आणि त्यांची गोष्ट कुणी सांगत नाही.

आज चिनी कंपनीने बांधलेला नवा मार्ग आहे, २०१७ पासूनचा. पाच-सहा तासांत नैरोबी. त्सावोच्या पट्ट्यात रूळ उंच भरावावरून जातात आणि खाली हत्तींना जायला वाटा सोडल्या आहेत. तिथली माती विटेसारखी लाल. हत्ती ती अंगावर उडवून घेतात, त्यामुळे खिडकीतून दिसतात ते लाल हत्ती. डब्यातली शाळकरी पोरं मात्र मोबाइलमधून मान वर काढत नव्हती. त्यांना काय, रोजचेच.

नैरोबीत आपली माणसं भेटली, पाहुणचार झाला. पण एका घरी जेवताना यजमान घरकाम करणाऱ्या माणसाबद्दल, तो समोर उभा असताना, जे बोलले ते ऐकून घास घशाखाली उतरेना. तो माणूस हिंदी समजत होता, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. चार पिढ्या त्या मातीत काढल्या, २०१७ मध्ये केनिया सरकारने भारतीय वंशाच्या लोकांना देशातली ४४वी जमात म्हणून मान्यता दिली, तरी हे सुटत नाही. सगळे असे नाहीत, हेही खरंच.

कारण त्याच नैरोबीत सिटी पार्क आहे आणि तिथे पिओ गामा पिंटो यांची कबर आहे. जन्म नैरोबीचा, घराणं गोव्याचं. मुंबईत टपाल-तार खात्यात नोकरी केली, गोवामुक्तीच्या चळवळीत उतरले, पोर्तुगीज पकडतील म्हणून केनियाला परतले. तिथे इंग्रजांनी त्यांना स्थानबद्ध केलं. स्वतंत्र केनियात खासदार झाले आणि फेब्रुवारी १९६५ मध्ये घराच्या फाटकापाशी त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. शेजारी जोसेफ मुरुंबी यांची समाधी आहे. वडील गोव्याचे, आई मसाई जमातीची. १९६६ मध्ये ते केनियाचे उपराष्ट्राध्यक्ष होते, पण काही महिन्यांतच पद सोडलं. पुढे आयुष्यभर त्यांनी आफ्रिकी कलावस्तू, पुस्तकं, टपाल तिकिटं जमवली. आपल्याला पिंटोंजवळच पुरावं, ही त्यांची इच्छा होती.

त्या बागेत माकडं फार आहेत, हातात केळी घेऊन जाऊ नका. मुरुंबींचा संग्रह शहराच्या मध्यभागी, राष्ट्रीय अभिलेखागारात आहे. मसाई मारात जाण्यासाठी सगळेच नैरोबीत उतरतात. टूरवाल्याशी भांडून नैरोबीत एक दिवस जास्त मागून घ्या. तो द्यायला कुरकुर करेल, पण देतो.