गेम विचारत नाही, बघत राहतो

नमस्कार श्रोतेहो.

‘डेअस एक्स’ नावाच्या गेमबद्दल खेळाडूंमध्ये एक जुना विनोद आहे. कुणीही या गेमचं नाव काढलं, की त्याच क्षणी जगात कुठेतरी कुणीतरी तो पुन्हा इन्स्टॉल करायला घेतं. माझंही तसंच झालं. भाच्याशी गप्पा मारताना नाव निघालं आणि त्याच रात्री मी तो लॅपटॉपवर उतरवून घेत होते. तेव्हा आजच्या या बोलण्यानंतर आपल्यापैकी कुणावर तीच पाळी आली, तर त्याचा दोष मी घेणार नाही. ज्यांनी आयुष्यात एकही गेम खेळलेला नाही, त्यांनीही कृपया रेडिओ बंद करू नये. कोणतं बटण कधी दाबायचं, असलं काही मी सांगणार नाहीये.

हा गेम आला जून २००० मध्ये. अमेरिकेत टेक्सस राज्यातल्या ऑस्टिन शहरात ‘आयन स्टॉर्म’ कंपनीचं एक ऑफिस होतं, तिथे वॉरन स्पेक्टर यांच्या चमूने तो बनवला. याच कंपनीचं मोठं ऑफिस डॅलसला होतं. डॅलसवाल्यांनी वर्षानुवर्षं प्रचंड गाजावाजा करून एक गेम आणला होता, ‘डाइकाताना’. तो महिनाभर आधी बाजारात आला आणि सपशेल आपटला. आणि ज्यांच्याकडे त्या मानाने कुणाचं लक्ष नव्हतं, त्या ऑस्टिनवाल्यांचा गेम लोक आजही खेळतायत. पुढे दोन्ही ऑफिसं बंद पडली, आधी डॅलसचं आणि २००५ मध्ये ऑस्टिनचंही.

कथा थोडक्यात सांगते. साल २०५२. आपण जेसी डेंटन, संयुक्त राष्ट्रांच्या दहशतवादविरोधी दलातला नवाकोरा एजंट. अंगात सूक्ष्म यंत्रं सोडलेली, त्यामुळे ताकद माणसापेक्षा जास्त. दलाचं मुख्यालय न्यूयॉर्कच्या लिबर्टी बेटावर, आणि तिथल्या जगप्रसिद्ध पुतळ्याचं डोकं दहशतवाद्यांनी उडवलेलं. जगात ‘ग्रे डेथ’ नावाची साथ पसरलीय. ‘अँब्रोझिया’ नावाची लस आहे, पण ती पुरत नाही. ती कुणाला मिळते? ज्यांचा वशिला आहे त्यांना. बंडखोरांनी लशीचा साठा पळवलाय आणि आपलं पहिलं काम म्हणजे त्या बेटावर जाऊन बंडखोरांचा बंदोबस्त करणं.

धक्क्यावर आपला मोठा भाऊ पॉल भेटतो. तोही याच दलात. तो तीन हत्यारं पुढे करतो आणि म्हणतो, यातलं एक घे: लांबून नेम धरायची रायफल, रॉकेट लाँचर किंवा बेशुद्ध करणारे बाण मारायचं छोटं धनुष्य. पॉलचा स्वतःचा आग्रह असा, की शक्यतो कुणाला मारू नकोस.

आता पुन्हा खेळताना पहिल्याच दहा मिनिटांत जाणवतं, की हा गेम आजच्या गेमसारखा लाड करत नाही. पिस्तूल उचलून नेम धरला, की पडद्यावरच्या नेमाच्या रेघा फाकलेल्या असतात. काही क्षण निश्चल उभं राहिलं, की त्या हळूहळू जवळ येतात. जरा हललात, की पुन्हा फाकल्या. म्हणजे आपण म्हणायला महाशक्तिमान एजंट, आणि समोरच्या माणसावर झाडलेली गोळी हातभर अंतरावरून हुकतेय. बरेच नवे खेळाडू इथेच वैतागून गेम सोडतात. भाच्यानेही सोडला. मला मात्र ही अडचण मुद्दाम ठेवल्यासारखी वाटते. गोळीने काम होत नाही म्हटल्यावर माणूस इकडेतिकडे बघायला लागतो. बेटाच्या उत्तरेच्या धक्क्यावर एक खबऱ्या आहे. त्याच्याशी नीट बोललं, तर पुढच्या दरवाजाची किल्ली मिळते. पुतळ्याच्या मागच्या अंगाला खोकी रचलेली आहेत. त्यावरून चढून वर जाता येतं. कुलूप उघडता येतं, कॅमेरे बंद करता येतात, आणि रॉकेट लाँचर घेतला असेल तर दरवाजाच उडवता येतो. यातलं अमुकच बरोबर, असं गेम कुठेही म्हणत नाही.

म्हणत नाही, पण लक्ष ठेवतो. काम आटपून मुख्यालयात यावं, तर शस्त्रागार सांभाळणारा जुना सैनिक आपण किती माणसं मारली याचा हिशेब मनात धरून बोलतो. संयम ठेवला असेल तर कौतुक, नाहीतर चार शब्द सुनावतो. आणि एक गंमत. मुख्यालयात सहज फिरता फिरता बायकांच्या स्वच्छतागृहात डोकावलं, तर पुढे साहेबांच्या केबिनमध्ये कामाच्या गोष्टी चालू असताना साहेब मध्येच बजावतात, की तिकडे जात जाऊ नकोस, त्याने तुझ्यापेक्षा खात्याची जास्त शोभा होते. मी बाई आहे, त्यामुळे सवयीने त्याच दारातून आत शिरले होते. भर मीटिंगमध्ये बोलणी खाल्ली!

हा विनोद वाटतो खरा, पण अख्खा गेम याच पद्धतीवर उभा आहे. याचं सगळ्यात मोठं उदाहरण विमानातलं. बंडखोरांचा नेता लेबेदेव एका विमानाच्या केबिनमध्ये सापडतो. त्याने शरणागती पत्करलीय. तेवढ्यात आपली सहकारी ॲना नवारे येते. अर्धं शरीर यंत्राचं, आणि दया कशाशी खातात हे तिला ठाऊक नाही. तिचा हुकूम: याला आत्ता संपव. आजच्या गेममध्ये अशा वेळी खेळ थांबतो, संगीत बदलतं आणि पडद्यावर दोन ठळक पर्याय येतात. इथे तसलं काहीच होत नाही. आपण हातात पिस्तूल घेऊन उभे, ती बोलतेय, तो बोलतोय. आपण गोळी झाडली, तर तो मेला. आपण काहीच केलं नाही, तर ती झाडते. आणि तिसरा मार्ग आहे, जो कुणी सुचवत नाही: पिस्तूल तिच्याकडे वळवायचं. आपल्याच खात्याच्या अधिकाऱ्यावर. काही खेळाडू तर हे आधीच ओळखून ती ज्या वाटेने येणार तिथे सुरुंग लावून ठेवतात. माझ्या ओळखीत एक जण आहे, ज्याने हा गेम कित्येकदा पूर्ण केला होता आणि ॲनावर गोळी चालते हे त्याला माहीतच नव्हतं. हुकूम आला की पाळायचा किंवा गप्प उभं राहायचं, याच्या पलीकडे त्याला काही सुचलं नव्हतं. गेमनेही सुचवलं नव्हतं.

पॉलचंही तसंच. पुढे न्यूयॉर्कमधल्या एका हॉटेलच्या खोलीत तो आजारी पडलेला असतो, बंडखोरांना सामील झाला म्हणून आपलेच लोक त्याच्यावर धाड घालतात आणि तो म्हणतो, माझं सोड, खिडकीतून निघून जा. बहुतेक कथांत अशा भावाचं मरण लिहूनच ठेवलेलं असतं. इथे नाही. खिडकीतून पळालात, तर काही काळाने त्याचं प्रेत पाहायला मिळतं. थांबलात, त्याच्याबरोबर लढलात आणि दारातून बाहेर पडलात, तर तो वाचतो आणि पुढे हाँगकाँगमध्ये भेटतो. त्याला वाचवा, असा आदेश कुठेही येत नाही. खुद्द तोच जा म्हणतो! या खेपेला हे सगळं आधी माहीत असूनही त्या खोलीत माझी छाती धडधडत होती.

आणि खेळाडूंनी तरी बनवणाऱ्यांना काय काय दाखवावं! भिंतीला चिकटवायचे स्फोटक सुरुंग या गेममध्ये मिळतात. कुणाच्या तरी लक्षात आलं, की चिकटवलेला सुरुंग ही घट्ट वस्तू आहे, म्हणजे तिच्यावर पाय ठेवता येतो. मग एक सुरुंग चिकटवायचा, त्यावर चढायचं, वर दुसरा चिकटवायचा, खालचा काढून घ्यायचा, असं करत लोक सरळ भिंती चढायला लागले. ज्या जागी पोचायचं नाही असं गृहीत धरलं होतं, तिथे जाऊन पोचले. बनवणाऱ्यांना याची कल्पनाच नव्हती. मीही या खेपेला एकदा चढून पाहिलं. वर काही नव्हतं, पण समाधान वेगळंच.

आता जरा अवघड गोष्टीकडे येते. १९९० च्या दशकात अमेरिकेत कटकारस्थानांच्या ज्या ज्या अफवा फिरत होत्या, त्या सगळ्या खऱ्या आहेत असं धरून ही कथा रचलीय. पडद्यामागून जग चालवणारी म्हणतात ती ‘इल्युमिनाटी’ ही जुनी गुप्त मंडळी खरी, ‘मॅजेस्टिक १२’ नावाची दुसरी गुप्त मंडळी खरी, अमेरिकी लष्कराच्या ‘एरिया ५१’ या गुप्त तळाबद्दलच्या अफवाही खऱ्या. साथसुद्धा मुद्दाम बनवलेली आणि लशीचा तुटवडाही ठरवून केलेला. २००० साली हे चटपटीत वाटायचं. कोविडच्या काळात घराघरांतल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काय काय येत होतं, ते आपण सगळ्यांनी वाचलंय. साथ कुणी सोडली, लशीत काय घातलंय, मागे कोण आहे. त्यानंतर या गेमची कथा ऐकणं म्हणजे सकाळी सकाळी एखाद्या काकांचा लांबलचक फॉरवर्ड वाचण्यासारखं होतं. पहिले दोन तास मला खरोखर नकोसं झालं.

पण मग एक फरक लक्षात आला. फॉरवर्डमध्ये सगळं उत्तर एका दमात येतं आणि खाली लिहिलेलं असतं, सर्वांना पाठवा. या गेममध्ये कुणीच तुम्हाला सगळं सांगत नाही. बाकावर पडलेलं वर्तमानपत्र एक सांगतं, वरिष्ठांच्या संगणकातली ई-मेल दुसरंच, आणि खबऱ्याला स्वतःची रोजीरोटी बघायचीय. हाँगकाँगच्या एका क्लबमधला बारवाला तर सरकार, बाजार आणि सत्ता यांवर असा वाद घालतो, की जेसी डेंटनला उत्तर सुचत नाही. प्रत्येकाकडे थोडं खरं, प्रत्येकाचा काही स्वार्थ. ज्यांच्यासाठी आपण काम करतो तेही त्यातलेच. फॉरवर्ड पाठवणाऱ्या काकांवर मात्र संशय घ्यायची परवानगी नसते.

या गेमच्या भविष्यवाणीचा किस्सा हमखास सांगितला जातो, तोही सांगून टाकते. यातल्या न्यूयॉर्कच्या आकाशरेषेत जुळे मनोरे नाहीत, आणि गेम तर २००० सालचा, म्हणजे हल्ल्याच्या वर्षभर आधीचा. कारण अगदी रुक्ष आहे. संगणकाची मेमरी अपुरी पडत होती, म्हणून शहराच्या चित्राचा एकच भाग वापरला गेला आणि मनोरे राहून गेले. मग दहशतवाद्यांनी ते पाडले असं समजा, अशी मखलाशी चमूने आपापसात करून ठेवली. यात कसली आलीय दिव्यदृष्टी? आश्चर्य वाटावं असं काही असेल तर ते पॅरिसमधल्या एका बंद खोलीत आहे. तिथे मॉर्फियस नावाचा एक प्राथमिक कृत्रिम बुद्धीचा नमुना आहे. त्याच्याशी न बोलताही पुढे जाता येतं. पण बोललात, तर तो म्हणतो, की आपल्याकडे कुणीतरी बघावं, आपल्याला समजून घ्यावं, ही माणसाची जुनी भूक आहे. ती पूर्वी देवाने भागवली, आता माहिती चाळणारी यंत्रं भागवतील. डेंटन त्याच्याशी वाद घालतो. हे संभाषण लिहिलं गेलं तेव्हा खिशात कॅमेरा घेऊन फिरायची आणि रोजचं जेवण जगाला दाखवायची सोय नव्हती. पहिल्या वेळी डेंटन मला बरोबर वाटला होता. आता मॉर्फियसचं पारडं जड वाटतं.

सगळंच टिकलंय असं मात्र नाही. चेहरे ओबडधोबड आहेत, ते चालतं. पण हाँगकाँगमधल्या पात्रांचे उच्चार ऐकवत नाहीत; थट्टा आणि अज्ञान यांची ती मिसळ तेव्हाही वाईट होती. पहारेकऱ्यांची अक्कल गुडघ्यात. शेजारचा जोडीदार बेशुद्ध पडलेला दिसला, की आरडाओरडा करतात आणि थोड्या वेळाने पुन्हा निवांत फेऱ्या मारू लागतात. आणि शेवटचा भाग, एरिया ५१, मला या वेळी विशेष खटकला. तिथे तीन शेवट आहेत. सत्ता इल्युमिनाटींच्या हाती द्यायची, हीलिऑस नावाच्या यंत्रबुद्धीत स्वतःला विलीन करून जगाचा कारभार चालवायचा, किंवा जगाचं दळणवळणच तोडून सगळ्यांना अंधारयुगात ढकलायचं. तिन्ही पर्यायांचे पुरस्कर्ते कानात येऊन आपापली बाजू मांडतात, कुठे जायचं ते सांगतात, आणि आपण एका खोलीत जाऊन काम करायचं. ज्या गेमने विमानात एक अक्षर न बोलता आपल्याला पेचात टाकलं, तो इथे येऊन हॉटेलातल्या वेटरसारखा मेनूकार्ड पुढे करतो. तिन्ही शेवट पाहता यावेत म्हणून आधी सेव्ह करून ठेवायची सोय आहेच. मीही तेच केलं, आणि तिन्ही पाहून झाल्यावर कुठलाच आपला वाटला नाही. पॉलच्या खोलीतला निर्णय मात्र माझा होता.

तर कुणाला खेळून बघायचाच असेल, तर साध्या लॅपटॉपवर चालतो, किंमतही फार नसते. पडद्यावरची अक्षरं बारीक दिसतात, ती सेटिंगमध्ये जाऊन आधी ठीक करून घ्या. लिबर्टी बेटावर चिकाटी धरा, पुढे गेम मोकळा होतो. दिसेल त्याच्याशी बोला, दिसेल ती ई-मेल वाचा, सारखं सेव्ह करा. कौशल्यं वाढवायला गुण मिळतात, ते संगणक आणि कुलपं यांवर खर्च करा. यादीत पोहणं म्हणूनही एक कौशल्य आहे. त्यावर एक गुणही घालवू नका.

नमस्कार.